मटणाचा रस्सा आणि सरकारची हमी

२००८ साली दिल्लीच्या सरकारने पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नावाची योजना काढली. बेकार पोरांनी धंदा काढायचा, बँकेने कर्ज द्यायचं, सरकारने त्यात अनुदान घालायचं. कागदावर झकास. त्याच कागदात एक यादी होती, कुठल्या धंद्याला पैसा द्यायचा नाही त्याची. त्या यादीत पहिल्या नंबरावर काय होतं? मांस. कापलेल्या जनावराच्या मांसाशी संबंध असलेला कुठलाही धंदा. ते डब्यात भरणं नाही, ते शिजवून वाढणंसुद्धा नाही. त्याच ओळीत पुढे विडी, पान, सिगरेट, दारू वाढणारं हॉटेल नि ढाबा, आणि विकण्यासाठी ताडी काढणं.

म्हणजे बघा दोस्तहो, हॉटेलला कर्ज आहे. इडलीला आहे, पावभाजीला आहे, साबुदाण्याच्या खिचडीला आहे. ताटात मटणाचा रस्सा पडला की कर्ज गेलं.

ही यादी कुणाच्या डोक्यातनं आली हे शोधायला दिल्लीला जायला नको. योजना देशभर राबवतो खादी आणि ग्रामोद्योग आयोग. त्याचं मुख्य कार्यालय आपल्या उपनगरात, विले पार्ले पश्चिमेला, इर्ल्याला. इमारतीचं नाव ‘ग्रामोदय’. गाव उदयाला येणार, पण गावकुसाबाहेरच्याची चूल तेवढी वगळून. पुढे बरीच वर्षं गेल्यावर नियम सुधारले, हॉटेल-ढाब्यात मांसाहारी जेवण वाढायला हरकत नाही अशी एक ओळ त्यात आली. आली ते बरं झालं. पण ती ओळ येईपर्यंत ज्या पोरांनी हॉटेलाचे अर्ज भरले, त्यांनी मेनूकार्डावर काय लिहिलं असेल? एकतर खोटं, नाहीतर उडप्याची नक्कल.

मी गोदीत हमाली करतो. हिशेब हे टॅली क्लार्कचं काम, माझं नाही. पण गेले काही महिने या कर्जाच्या भानगडीत नाक खुपसून बसलोय, कारण घाटकोपरला आमच्या गल्लीतल्या एका दोस्ताला खानावळ काढायचीय. त्याची आई, म्हणजे आमची मावशी, वीस वर्षं लोकांचे डबे करते. तिच्या हातचं सुकट नि वजडी खाऊन आमची अख्खी गल्ली वाढली. दोस्ताचं म्हणणं साधं. आई चुलीपुढं म्हातारी झाली, आता तिने गल्ल्यावर बसावं.

गल्ल्यावर. हा शब्द नीट ऐका. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून जातीवरून कुणाला अडवता येणार नाही असं लिहिलंय. बाबासाहेबांच्या पिढीने ते भांडून लिहून घेतलं, कारण तेव्हा हॉटेलात आपल्याला बाहेर बसवून वेगळ्या कपात चहा देत. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा आला, १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. एवढं सगळं झालं ते हॉटेलच्या दारातून आत जाण्यासाठी. गिऱ्हाईक म्हणून. गल्ल्यामागे बसायचं कलम संविधानात नाही. तिथे पैसा लागतो.

आता पैशाकडे वळू.

२०१५ च्या एप्रिलात मुद्रा योजना आली. शिशू, किशोर, तरुण अशी नावं. शिशूला ५० हजारांपर्यंत, किशोरला ५ लाखांपर्यंत, तरुणला १० लाखांपर्यंत. २०२४ पासून ज्यांनी तरुण कर्ज फेडलंय त्यांना २० लाखांपर्यंत. तारण नको. दहा वर्षांत ५२ कोटी कर्जं आणि ३२ लाख कोटींहून जास्त रुपये वाटले, असं सरकारने २०२५ साली छाती फुगवून सांगितलं. भागाकार करा. एका कर्जामागे साठ-बासष्ट हजार रुपये येतात. साठ हजारांत घाटकोपर स्टेशनजवळ काय होतं? हॉटेल सोडा, गाळ्याच्या डिपॉझिटला हात लागत नाही. साठ हजारांत शिलाई मशीन येतं, भाजीची गाडी भरते, एका लग्नाचा मंडप उठतो. ज्याने दिलं त्यालाही हे ठाऊक आहे.

मोठ्या धंद्याची सोय वेगळी होती. २०१६ च्या एप्रिलात स्टँड अप इंडिया आली. १० लाख ते १ कोटी. प्रत्येक बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एक अनुसूचित जाती किंवा जमातीचा आणि किमान एक बाई, असे नवे धंदेवाले उभे करायचे. देशात तेव्हा सव्वा लाख शाखा धरल्या होत्या, म्हणजे अडीच लाख कर्जं. आता सरकारचाच आकडा बघा. मार्च २०२४ पर्यंत अनुसूचित जातींची खाती ४६,२४८. जमातींची १५,२२८. दोन्ही मिळून एकसष्ट हजार नि काही. सव्वा लाख शाखांना एकेक म्हटलं तरी अर्ध्या शाखांना पुरत नाहीत. आठ वर्षांत! बायकांची खाती १ लाख ९० हजारांवर. बायकांना मिळाली याचं दुःख नाही, त्यांचा हक्कच आहे. पण त्या बायकांत आपल्या किती, हे त्या आकड्यात कुठे दिसत नाही.

मार्च २०२५ ला स्टँड अपची मुदत संपली. २०२५ च्या अर्थसंकल्पात नवी घोषणा झाली. पहिल्यांदा धंदा करणाऱ्या ५ लाख बाया, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पाच वर्षांत २ कोटींपर्यंत मुदत कर्ज. रक्कम दुप्पट केली. पहिली का पोचली नाही, हे कुणी विचारलं नाही.

आता हमी. हा शब्द सगळ्यात फसवा. ‘सरकारची हमी आहे’ असं ऐकलं की आपल्या माणसाला वाटतं, धंदा बुडाला तर सरकार बघून घेईल. अरे बाबा, हमी तुला नाही, हमी बँकेला आहे. २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी यांनी छोट्या उद्योगांसाठी पत हमी निधी उभा केला, मुद्रासाठी पुढे वेगळा निधी झाला. तू हप्ते थकवलेस तर बँकेला त्या निधीतून काही हिस्सा परत मिळतो. तुझं देणं तसंच राहतं. वसुलीवाला तुझ्याच दारात येतो, सिबिलला तुझंच नाव काळं होतं. रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगून ठेवलंय की छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका. म्हणजे तारणाशिवाय द्यायची आज्ञा आहे, वरून बँकेच्या बुडालेल्या पैशाला छत्री आहे. तरी बँकवाला आपल्याला का भितो? पैसा बुडायची भीती असती तर ती छत्रीने गेली असती. जे उरतं त्याला भीती म्हणत नाहीत.

एका बँकेत, नाव घेत नाही, दोस्ताबरोबर मी गेलो होतो. साहेबाने फाईल चाळली. पत्ता बघितला. म्हणाला, “ही जागा झोपडपट्टीत येते ना? मग इन्स्पेक्शनला अडचण होईल.” दोस्त म्हणाला, “साहेब, हॉटेल तिथं नाही, स्टेशनकडं काढायचंय.” साहेब म्हणाला, “मग तिथलं ॲग्रीमेंट आणा.” गाळेवाला म्हणतो, आधी डिपॉझिट द्या, मग ॲग्रीमेंट. बँक म्हणते, आधी ॲग्रीमेंट द्या, मग कर्ज. शेवटी साहेबाने हळूच विचारलं, “सरकारी नोकरीतला कोणी जामीनदार आहे का?” तारण नको म्हणून दिल्लीहून आलेली योजना गल्लीत येईपर्यंत अशी जामीनदार मागायला लागते.

आणि ॲग्रीमेंट म्हणजे तरी काय? लीव्ह अँड लायसन्स. अकरा महिने, फार तर तेहतीस-छत्तीस महिने. कर्ज सात वर्षांचं. स्टँड अपमध्ये सात वर्षं फेड आणि जास्तीत जास्त दीड वर्ष सवलत होती. म्हणजे गाळा तीन वर्षांत मालकाच्या हातात परत आणि हप्ता अजून चार वर्षं तुझ्या मानेवर. ज्याचा स्वतःचा गाळा आहे त्यालाच हे कर्ज झेपतं. ज्याचा गाळा आहे त्याला कर्जाची एवढी गरज नसते.

आकडे मांडतो. समजा दहा लाखांचं हॉटेल. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना २०१९ पासून आहे. त्यात शहरातल्या अनुसूचित जातीच्या माणसाने स्वतःचे ५ टक्के घालायचे, अनुदान २५ टक्के. म्हणजे ५० हजार आपले, अडीच लाख सरकारचे, बाकी सात लाख बँकेचे. छान. पण ते अडीच लाख हातात येत नाहीत. केंद्राच्या योजनेत अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं, धंदा चालू आहे असं तपासून मग कर्जात वळतं होतं. तीन वर्षं टिकलास तर ते तुझं. नवं हॉटेल मरतं ते पहिल्या वर्षा-दीड वर्षातच, हे कुठल्याही वेटरला विचारा.

सात लाखांवर ११ टक्के व्याज धरलं, सात वर्षं धरली, तर हप्ता महिन्याला १२ हजारांच्या घरात जातो. दिवसाला चारशे. एका ताटामागे सगळा खर्च जाऊन वीस रुपये सुटले तर वीस ताटं नुसती बँकेसाठी वाढायची. एकविसाव्या ताटापासून मावशीचं घर. आणि ‘सगळा खर्च जाऊन’ या शब्दांत गाळ्याचं भाडं आहे, १९ किलोचा सिलिंडर आहे, दोन पोरांचा पगार आहे, वीज-पाणी आहे, मुन्शिपालटीचं हेल्थ लायसन्स आहे, गुमास्ता आहे, अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन आहे. रजिस्ट्रेशनची सरकारी फी वर्षाला शंभर रुपये. ते काढून देणारा शंभरात काढून देत नाही एवढं सांगतो, बाकी तुम्ही जाणता.

शिवाय कर्ज मिळतं ते भांड्यांना, फ्रिजला, शेगडीला. तेही कोटेशनवर, पैसे थेट दुकानदाराला. धंदा चालवायला लागतो तो रोजचा पैसा. सकाळी मटणवाल्याला रोख, संध्याकाळी गिऱ्हाईक उधार. हा मधला पैसा कुठल्या योजनेत नीट बसत नाही. मग तो येतो सावकाराकडून, नाहीतर बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीकडून, आठवड्याच्या हप्त्यावर. कोटेशनचाही एक धंदा झालाय. दलाल म्हणतो, दहा लाखांचं कोटेशन देतो, माल सहाचा घे, मधले आपण वाटून घेऊ. पोरं भुलतात. फेडायची वेळ येते तेव्हा दलालाचा नंबर लागत नाही.

आपली महामंडळं? इर्ल्याहून चालत गेलं की जुहूला गुलमोहर रोडवर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचं मुख्य कार्यालय. स्थापना १९७८. बीज भांडवल योजनेत ५ टक्के आपले, २० टक्के महामंडळाचे चार टक्के व्याजाने, ७५ टक्के बँकेचे. नीट बघा. किल्ली पुन्हा बँकेच्याच हातात. महामंडळाने हो म्हटलं नि बँकेने नाही म्हटलं की फाईल कपाटात. मातंग समाजासाठी १९८५ साली अण्णाभाऊंच्या नावाने महामंडळ काढलं. तिथे २०१५ साली तर खुद्द माजी अध्यक्षालाच पैशाच्या घोटाळ्याच्या आरोपाखाली अटक झाली. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिले, त्यांच्या नावाच्या तिजोरीची ही गत.

आता १९७८ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच साली मुंबईत आणखी एक गोष्ट झाली. कर्नाटकच्या किनाऱ्यावरचे बिल्लव. पिढीजात धंदा ताडी काढायचा. देवळाबाहेर ठेवलेले, आपल्यासारखेच शिवाशिव सोसलेले लोक. मुंबईत आले, हॉटेलात कपबशा धुतल्या, रात्रशाळेत शिकले. त्यांच्या संघटनेने १९७८ साली भारत को-ऑपरेटिव्ह बँक काढली. आज मुख्य कार्यालय गोरेगावात. बंटांनी तर १९३१ सालीच मंगळूरला विजया बँक काढली होती, ती २०१९ साली बँक ऑफ बडोद्यात विलीन होईपर्यंत चालली. उडप्याचं हॉटेल बघून आपण म्हणतो, साले मेहनती आहेत. मेहनत गोदीत कमी होते का? मेहनतीच्या मागे जातभाईंची बँक उभी होती, गल्ल्यावर बसलेला मामा होता, पोऱ्याचा मॅनेजर आणि मॅनेजरचा पार्टनर करणारी साखळी होती. एकाच साली त्यांनी स्वतःची बँक काढली आणि आपल्याला सरकारने महामंडळ दिलं. त्यांच्या बँकेत भागधारक होते. आपल्या महामंडळात अर्जदार.

सहकारी बँक म्हणजे काही स्वर्ग नव्हे. भांडुपला मुख्यालय असलेली पीएमसी बँक २०१९ साली कशी कोसळली आणि लोक हजार रुपयांसाठी कसे रांगेत उभे राहिले ते आपण बघितलंय. पण भिशीवर आपल्या वस्त्यांत लाखो रुपये फिरतात, आणि भिशीची नोंद कुठल्या सिबिलमध्ये नाही, याचा विचार चळवळीने कधी केला नाही. आपल्याला पैशाची लाज वाटते. कवी लोकांना जरा जास्तच.

बायकांनी मात्र हे करून दाखवलंय. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात खानावळवाल्या बायांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बाया, सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, १९७२ साली गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना आली होती. तरी एकटी बाई बँकेत गेली असती तर शिपायाने दारातनं हाकललं असतं. त्या गटाने गेल्या. एकीला दुसरी जामीन. राष्ट्रीयीकृत बँकेला कर्ज द्यावं लागलं, बायांनी ते फेडलंही. योजना सरकारचीच होती, पण दार उघडलं ते जमावाने. आमची मावशी एकटी जाते म्हणून तिला पत्ता विचारतात. पन्नास डबेवाल्या बाया एकदम आत गेल्या तर साहेब आधी खुर्च्या विचारेल.

आता मी कोल्हापूरला जातो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकर. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला गुरासारखं मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिलीच, पण गंगारामला नोकरीतून मोकळा केला आणि सांगितलं, स्वतःचा धंदा कर, लागेल ती मदत मी देतो. गंगारामने भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं. ‘सत्यसुधारक’. भर वस्तीत महाराचं हॉटेल. कोण येणार? कोणी आलं नाही. मग महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवली, गंगारामच्या हातचा चहा मागवला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यायला लावला.

ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो. त्यातला व्यवहार कोणी सांगत नाही. महाराजांनी गंगारामला भांडवल दिलं एवढ्यावर थांबले असते तर ‘सत्यसुधारक’ महिन्यात बंद पडलं असतं. त्यांनी गिऱ्हाईक दिलं. दरबारच्या माणसांची जीभ विटाळली. आजचं सरकार शेगडी देतं, फ्रिज देतं, आणि मग म्हणतं, जा, बाजार मोकळा आहे. कुठला बाजार मोकळा आहे? घाटकोपर पूर्वेला खाऊगल्लीत फिरून या. डोसा, पावभाजी, चीज टाकलेलं सगळं जग मिळेल. तिथे मटणाच्या खानावळीला गाळा मागा. गाळेवाला आधी विचारतो, “व्हेज ना?” मग आडनाव विचारतो. मुलुंडला तेच, बोरिवलीला तेच. सोसायटीवाले कायद्याने नाही म्हणत नाहीत, वासाने म्हणतात.

आणि आपल्या ताटाला नाव काय देणार? महाराष्ट्रभर ‘मराठा खानावळ’ अशी पाटी दिसते, कुणाला काही वाटत नाही. ‘ब्राह्मणी पद्धतीचं घरगुती जेवण’ दिसतं, त्याचं तर कौतुक होतं. मालवणी आहे, आगरी आहे, कोल्हापुरी आहे. महाराची वजडी, मांगाची रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, मुंडी, पाया, हे पाटीवर लिहिलेलं हॉटेल मी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पाहिलं नाही. पाया मिळतो, पण मुसलमानाच्या हॉटेलात. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं सगळं नोंदवलं. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली. गाईवर १९७६ च्या कायद्याने होतीच. एका हाताने पुस्तकाचं कौतुक होतंय, दुसऱ्या हाताने ताट काढून घेतायत. दोस्ताने अर्जात धंद्याचा प्रकार लिहिला ‘महाराष्ट्रीयन भोजनालय’. मी म्हटलं, वजडी लिही. तो म्हणाला, “तू कविता लिही, मला कर्ज घेऊ दे.” बरोबर बोलला. पण त्याला ते तसं बोलावं लागतं, यावरच माझा आक्षेप आहे.

काही मित्र म्हणतील, आपण गल्ल्यावर बसायचं कशाला? भांडवलशाहीशी लढायचं की भांडवलदार व्हायचं? बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते, हे मला पाठ आहे. उलट टोकाला २००५ पासून दलित उद्योजकांचा चेंबर आहे, ते म्हणतात नोकरी मागू नका, नोकरी द्या. मला दोन्हीकडची भाषणं ऐकून भूक लागते. वीस ताटांची खानावळ काढणारी मावशी भांडवलदार नाही नि उद्योजिकाही नाही. ती स्वतःच्या हाताची मजूर आहे, तिला फक्त मुकादम नकोय. मला गोदीत मुकादम आहे, मी तिचा हेवा करीन. पण कर्जाच्या कागदाला मुक्ती म्हणणार असाल तर ते मला मान्य नाही. हप्ता हा मुकादमच आहे, फक्त तो शिव्या देत नाही.

म्हणून मागणी करायची तर कर्जाबरोबर गिऱ्हाईकाची करा. सरकारला ते जमत नाही असं नाही. २६ जानेवारी २०२० ला राज्याने शिवभोजन थाळी काढली. दहा रुपये गिऱ्हाईकाचे, शहरात चाळीस रुपये सरकारचे. म्हणजे सरकारने स्वतः ताट विकत घेतलं. बिलं थकतात म्हणून केंद्रचालक ओरडत राहिले, ते वेगळं. पण तत्त्व मान्य झालं. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर कॅन्टीन पाहिजे असं १९४८ च्या कारखाना कायद्यात २०२५ पर्यंत होतं. सरकारी हॉस्पिटलं, कचेऱ्या, डेपो, आमची गोदी, सगळीकडे कॅन्टीनची कंत्राटं निघतात. ज्या मावशीला सरकारने हॉटेलाचं कर्ज दिलं तिला तीन वर्षं एका सरकारी कॅन्टीनचं काम द्या. ताटात वजडी असेल, खाणारा खाईल. महाराजांनी एका चहात जे केलं ते तुम्ही निविदा काढून करा.

आणि वस्तीतल्या गाळ्यांचं काय? रमाबाई आंबेडकर नगरचा पुनर्विकास हाती घेतलाय. १९९७ साली ११ जुलैला जिथे गोळीबारात आपली दहा माणसं मेली, तीच वस्ती. झोपडी तुटली की भाडं नाहीतर संक्रमण शिबिर मिळेल. पण झोपडीच्या पुढच्या खोलीत जी चहाची टपरी, भजीची कढई, डब्याची चूल चालते तिचं गिऱ्हाईक शिबिरात येत नाही. तिच्यावर मुद्राचा हप्ता चालू असेल तर तो पुनर्विकासासाठी थांबतो का? हे विचारा. रस्त्यावरच्या गाडीवाल्याला २०२० पासून पीएम स्वनिधीचं कर्ज मिळतं आणि तीच गाडी मुन्शिपालटीवाले उचलून नेतात, हप्ता गाडीबरोबर उचलला जात नाही.

पोरांनो, काम सांगतो. तुमच्या घराजवळ सरकारी बँकेची शाखा असेलच. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. एवढंच विचारा. एप्रिल २०१६ ते मार्च २०२५ या काळात या शाखेने स्टँड अप इंडियाखाली किती कर्जं दिली. त्यांत अनुसूचित जातीची किती, जमातीची किती. किती अर्ज परत केले आणि काय कारण लिहून. खाणावळ, हॉटेल, भोजनालय यांसाठी किती. कर्जदारांची नावं मागू नका, ती ते देणार नाहीत आणि आपल्याला नकोत. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, जिथे असाल तिथल्या शाखेचं उत्तर आलं की त्याची झेरॉक्स या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर तेही कळवा, शाखेच्या नावासकट.